खोली देखणी आहे. हवा, पाणी आणि झोप कशी आहे?

लग्नाचा मुहूर्त सकाळी दहाचा. साताऱ्याहून पहाटे निघून सांगलीला धावतपळत पोहोचण्यापेक्षा आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे, असे घरात ठरते. मोबाइलवर फोटो पाहून शहराच्या मध्यवस्तीतले एक नवे हॉटेल पसंत केले जाते. दर्शनी भागाला काचा, आत शिरताच दरवळणारा सुवास, पांढरीशुभ्र चादर, पलंगामागे मंद दिवे, न्हाणीघराला काचेची भिंत. खोली पाहून सगळे खूश. रात्री बारा वाजता मात्र पासष्टीचे, मधुमेह असलेले आजोबा या कुशीवरून त्या कुशीवर होत असतात. मुलगाही जागाच. सकाळी दोघांचे डोके जड. शॉवरचे पाणी धड गरम नाही, धड गार नाही. मुहूर्त लांबतो, पंगत उशिरा बसते आणि रात्री उशिरा गाडी साताऱ्याच्या दिशेने निघते. आठवड्याभराने आजोबांना ताप भरलाच, तर ‘लग्नाची दगदग झाली’ असे म्हणून विषय संपतो.

असे घर साताऱ्या-सांगलीत शोधायला लागू नये. लग्न, मुलाची प्रवेश परीक्षा, न्यायालयातली तारीख, दवाखाना किंवा कासची फुले अशा नाना कारणांनी माणसे दुसऱ्या शहरात एखाद-दुसरी रात्र काढतात. हॉटेल ठरवताना भाडे, फोटो, नाश्ता आणि गाडी लावायची जागा या चार गोष्टी पाहिल्या जातात. शरीराचा हिशेब मात्र वेगळा असतो. त्याला खोलीतली हवा, नळातले पाणी आणि रात्रीची झोप यांच्याशी मतलब असतो, आणि या तिन्ही गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

पाचगणी आणि मिरजेची जुनी शिकवण

खोली आरोग्याच्या नजरेने पाहण्याची रीत या दोन जिल्ह्यांना नवी नाही. सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात थंड हवेचे ठिकाण म्हणून आकाराला आले, तेच मुळी थकल्या-आजारी माणसांना हवापालट मिळावी म्हणून. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम सुरू केले. त्या काळी क्षयावर गुणकारी औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये. तोवर विश्रांती, सकस आहार, ऊन आणि मोकळी हवा एवढ्यावरच भिस्त होती. मोकळ्या हवेने क्षय बरा होत नाही, हे आज ठाऊक आहे. पण खेळत्या हवेत श्वासावाटे पसरणारे जंतू विरळ होतात आणि दुसऱ्याला संसर्ग होण्याची शक्यता कमी होते, हे आजचे विज्ञानही सांगते. त्या काळी खोलीची पारख खिडकीवरून होत असे. आता ती भिंतीच्या रंगावरून होते, एवढाच फरक.

सांगलीला खेटून असलेल्या मिरजेची गोष्ट आणखी जवळची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेची वाट चालू लागले. आजही मिरजेत उतरणाऱ्या कित्येकांना हॉटेल म्हणजे सहल वाटत नाही. उद्याच्या शस्त्रक्रियेची धास्ती मनात घेऊन काढलेली ती रात्र असते. अशा माणसाला खोलीने आणखी आजारी पाडू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पहिल्या रात्री मेंदू अर्धा जागा

नव्या जागी झोप लागत नाही, हा अनुभव सर्वांचाच. कोणी गादीला दोष देते, कोणी दिशेला. निद्राविज्ञानात याला ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ म्हणतात. झोपेच्या प्रयोगशाळेत पहिल्या रात्रीची नोंद ग्राह्य धरायची नाही, असा संकेत गेली कित्येक दशके अनेक संशोधक पाळत आले आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे एक कारण दाखवून दिले. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेच्या टप्प्यातही मेंदूचा डावा भाग उजव्याइतका खोल झोपत नव्हता. बारीकसा वेगळा आवाज झाला, तरी तोच आधी दखल घेत होता. पुढच्या मुक्कामात हा फरक राहिला नाही. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. माणसाचा मेंदूही परक्या जागी थोडी राखण ठेवतो, असे म्हणता येईल.

याचा व्यवहारात अर्थ असा, की पहिली रात्र अपुरी जाणार हे गृहीत धरूनच बेत आखावा. दुसऱ्या दिवशी परीक्षा, मुलाखत किंवा शस्त्रक्रिया असेल आणि परवडत असेल, तर एक दिवस आधी पोहोचावे. खोली रस्त्याकडची आणि लिफ्टला लागून नसलेली मागावी. घरची उशी किंवा निदान उशीचा अभ्रा सोबत न्यावा. ओळखीचा वास आणि स्पर्श मनाला निवांत करतो. टीव्हीचा, चार्जरचा आणि एसीचा लुकलुकणारा दिवा झाकावा. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास आटोपावे.

झोप येत नाही म्हणून कोणाच्या तरी पिशवीतली झोपेची गोळी घेणे हा सर्वांत वाईट उपाय. परक्या खोलीत, अंधारात, गोळीच्या गुंगीत शौचालय शोधणारा वृद्ध माणूस पडतो आणि मांडीचे हाड मोडून घेतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि घोरणे वाढते.

या अपुऱ्या झोपेची खरी किंमत परतीच्या रस्त्यावर कळते. सलग १७ ते १९ तास जागा राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून कमी होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. भारतात वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकराला स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा तो १७ तास जागा असतो आणि आदली रात्रही अर्धवटच गेलेली असते. सांगली ते सातारा हे सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर. बराचसा महामार्ग सरळ, म्हणजे डुलकीला पोषक. गाणी लावून किंवा काच खाली करून झोप हटत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून १५-२० मिनिटांची डुलकी आणि चहा-कॉफी यांनी तात्पुरता आधार मिळतो. आणखी एक रात्र थांबणे किंवा दुसऱ्याने गाडी चालवणे त्याहून चांगले. दोन्ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत, हेही विसरू नये.

नळातले पाणी

जुलै १९७६. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या मध्यभागी ‘बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड’ या नामांकित, देखण्या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. घरी परतल्यावर एकेकाला ताप, खोकला आणि न्यूमोनियाने गाठले. दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली, ३४ दगावली. त्यांत हॉटेलात न उतरलेले, नुसते त्या रस्त्यावरून गेलेले लोकही होते. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने त्यामागचा जीवाणू ओळखला. माजी सैनिकांच्या संघटनेच्या नावावरून त्याला ‘लिजिओनेला’ म्हणतात. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतून तो पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला. ते हॉटेल १९७६ मध्येच बंद पडले.

हा जीवाणू गोड्या पाण्यात सर्वत्र थोड्या प्रमाणात असतो. साधारण २० ते ४५ अंश तापमानाचे, साचून राहिलेले पाणी त्याला मानवते. टाकीतला गाळ, नळाच्या आतला बुळबुळीत थर आणि शॉवरच्या चाळणीत साठलेला क्षार ही त्याची घरे. ६० अंशांच्या पाण्यात तो तग धरत नाही. पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की आजार होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा होत नाही.

आता आपल्याकडच्या हॉटेलांची गच्ची डोळ्यांसमोर आणावी. सोलरची टाकी, पावसाळ्यातले ढगाळ दिवस आणि कोमट पाणी. त्यात काही खोल्या आठवडा-आठवडा बंद, आणि कासचा हंगाम किंवा लग्नाची दाट तिथी आली की एकदम सगळ्या भरलेल्या. पाइपात दिवसेंदिवस थांबलेले पाणी पहिल्या पाहुण्याच्या अंगावर शॉवरमधून येते. निरोगी तरुणाला यातून बहुधा काहीच होत नाही. पन्नाशी उलटलेले, धूम्रपान करणारे, मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना मात्र धोका अधिक.

उपाय अगदी साधा. खोलीत गेल्यावर न्हाणीघराची खिडकी उघडावी, बेसिनचा नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू द्यावा आणि तेवढा वेळ बाहेर थांबावे. शॉवरची तोटी बादलीत सोडता आली तर तुषार उडत नाहीत. आजोबांसाठी तर शॉवरपेक्षा बादली आणि तांब्याच बरा. हॉटेलचालकांनी गरम पाण्याच्या टाकीचे तापमान ६० अंशांवर ठेवावे, रिकाम्या खोल्यांतले नळ आठवड्यातून एकदा तरी सोडावेत, शॉवरच्या चाळण्या आणि टाक्या ठरावीक काळाने साफ कराव्यात. गालिच्यावर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

सांगलीने २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचा महापूर पाहिला. पुराच्या पाण्यात बुडालेली जमिनीखालची टाकी उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये, हा धडा घरांइतकाच हॉटेलांनाही लागू आहे.

बंद खोलीतली हवा

मध्यवस्तीत जागा महाग. त्यामुळे अनेक नव्या इमारतींत खिडकी असते, पण उघडत नाही. कुठे पडद्यामागे नुसती भिंत. एसी लावला की ताजी हवा येते, हा गैरसमज आहे. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. चार माणसे दार बंद करून झोपली, तर त्यांच्या श्वासातले जंतू रात्रभर त्याच हवेत फिरतात.

हॉटेलातली हवा काय करू शकते, हे २१ फेब्रुवारी २००३ रोजी हाँगकाँगमध्ये दिसले. दक्षिण चीनमधून लग्नासाठी आलेले एक आजारी डॉक्टर मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर एका रात्रीपुरते उतरले. त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणेही न झालेल्या इतर पाहुण्यांना सार्सचा संसर्ग झाला आणि त्यांच्यासोबत तो टोरांटो, सिंगापूर, हनोईपर्यंत पोहोचला. त्या साथीत जगभरात आठ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि ७७४ मृत्यू झाले. पुढे त्या मजल्यावरच्या गालिच्यात, त्या खोलीबाहेर आणि लिफ्टजवळ विषाणूच्या खुणा सापडल्या. करोनानंतर हे समजायला कोणाला अवघड जाऊ नये.

म्हणून खोली ठरवताना ‘खिडकी उघडते का?’ हा प्रश्न आधी विचारावा. शिरल्याबरोबर अर्धा तास खिडकी आणि न्हाणीघराचा पंखा चालू ठेवावा. कुबट वास म्हणजे बुरशीची शक्यता. सुगंधी फवाऱ्याने वास झाकला जातो, बुरशी जात नाही. दम्याच्या रुग्णाने अशी खोली बदलून घ्यावी आणि आपला पंप उशाशी ठेवावा.

गॅस गिझर असेल तर अधिक सावध राहावे. कोंदट न्हाणीघरात गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. तेवढ्यातही माणूस आतल्या आत बेशुद्ध पडू शकतो. असा गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळ करावी. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीला गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्यातही हाच धोका आहे.

औषधे, फरशी आणि जिना

अनेक हॉटेलांत खोलीची वीज की-कार्डवर चालते. कार्ड काढून बाहेर पडले की एसी बंद होतो आणि बऱ्याच ठिकाणी छोटा फ्रीजही. सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारची बंद खोली तापते आणि फ्रीजमध्ये विश्वासाने ठेवलेले इन्सुलिनही. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. दोन दिवसांच्या प्रवासाला ते थंडाव्याच्या पिशवीत जवळच बाळगावे. बर्फाला चिकटून किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे.

लग्नघरात मधुमेहींना आणखी एक धोका असतो. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि मुहूर्त लांबला, पंगत दीड-दोनला बसली, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची खूण. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे, आणि नाश्ता केल्याशिवाय औषध घेऊ नये. कोणते औषध केव्हा, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

काचेच्या भिंतीची गुळगुळीत न्हाणीघरे फोटोत छान दिसतात, पण ओल्या फरशीवर आधाराला धरायला काहीच नसते. वृद्ध सोबत असतील तर प्लास्टिकचे स्टूल आणि रबरी पायपुसणे मागून घ्यावे आणि रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवावा. सामानाची बॅग पलंगावर टाकण्याआधी गादीच्या शिवणी उचलून पाहाव्यात. ढेकूण रोग पसरवत नाहीत, पण बॅगेत बसून घरी येतात आणि मग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात.

आणि खोलीत गेल्यावर दोन मिनिटे काढून जिना कुठे आहे ते पाहावे. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात, ती मोजावीत. आग लागली तर धुरात काही दिसत नाही आणि लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा ती मोजणीच उपयोगी पडते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाहुण्या गावातही चालतात.

परतल्यावर

लिजिओनेलाचा आजार संसर्गानंतर साधारण २ ते १४ दिवसांनी उमटतो. तोवर माणूस घरी आलेला असतो आणि हॉटेल विसरलेला असतो. जोराचा ताप, कोरडा खोकला, धाप, कधी जुलाब, कधी गोंधळल्यासारखे वागणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे, ‘गेल्या दोन आठवड्यांत अमुक गावी हॉटेलात राहिलो होतो.’ या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलू शकते. न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके या जीवाणूवर चालत नाहीत. वेगळ्या गटातली औषधे लवकर सुरू करावी लागतात. लघवीच्या तपासणीतून निदानाला मदत होते. मलेरिया आणि डेंगीसारख्या आजारांतही प्रवासाची माहिती तितकीच मोलाची असते. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत प्रत्येकाला ‘कुठे गेला होतात?’ असे विचारले जाईलच, याची खात्री नसते. म्हणून रुग्णाने किंवा नातेवाइकाने ते आधी सांगावे.

सुरुवातीच्या त्या कुटुंबाने सांगलीला जाऊच नये किंवा देखणे हॉटेल घेऊच नये, असे मुळीच नाही. स्वच्छ, नीटनेटके हॉटेल ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त खोली ताब्यात घेताना पहिली दहा मिनिटे सेल्फीआधी खिडकीला, नळाला आणि जिन्याला द्यावीत. आजोबांची इन्सुलिनची पिशवी जवळ असावी, मुलाने रात्री गाडी काढण्याऐवजी सकाळी निघावे. आणि आठवड्याने आजोबांना ताप आलाच, तर घरातल्या कोणाला तरी ते हॉटेल आठवावे आणि डॉक्टरांना सांगावे.